वायरिंग तपासणीची सर्व्हिस घेतली, त्याचा रिव्ह्यू: सॉकेट जळत होतं आणि एमसीबी एकदाही पडला नाही

आधीच सांगते, ज्यांच्याकडून आम्ही घराची वायरिंग तपासून घेतली त्यांचं नाव मी इथे देत नाहीये. मला जाहिरात करायची नाहीये, अशी तपासणी करून घ्यायची तर त्यात नेमकं काय काय व्हायला हवं, आपण काय विचारायचं आणि चांगल्या लोकांकडूनसुद्धा काय राहून जातं हे लिहायचंय. आमच्या बाबतीत ५ पैकी ४ स्टार देईन. एक स्टार का कापला ते पुढे येईलच.

सुरुवात वासापासून झाली. रोज सकाळी पॅसेजमध्ये मासळी कुजल्यासारखा वास यायचा आणि तासाभराने जायचा. आम्हाला वाटलं कुठेतरी उंदीर मेलाय, कपाटं सरकवली, मोरी घासली, माळ्यावरचं सगळं सामान खाली काढलं, काही नाही. चारपाच दिवसांनी आईच्या लक्षात आलं की सुट्टीच्या दिवशी आपण उशिरा उठतो तेव्हा वाससुद्धा उशिरा येतो. म्हणजे वास गिझरबरोबर येतोय! गिझरच्या सॉकेटजवळ नाक नेलं तर तिथेच. गिझर बंद करून प्लगला हात लावला तर चटका बसेल इतका गरम, आणि सॉकेटचं एक भोक पिवळट-तपकिरी झालेलं. नंतर कळलं की स्विच-सॉकेटच्या प्लास्टिकमध्ये जी रेझिन्स वापरतात त्यातली काही जास्त तापली की असाच मासळीसारखा वास येतो. आपण जळका वास म्हणजे रबर जळाल्यासारखा वास धरून बसतो आणि हा वास आला की गटार, उंदीर, पाल असं काहीतरी शोधत बसतो. तर घरात असा वास येत असेल आणि त्याचं कारण सापडत नसेल तर आधी सगळे प्लग आणि बोर्ड बघा, प्लीज.

बाबा म्हणाले, "एमसीबी पडला नाही ना? मग काही नाही, सॉकेट बदलून घेऊ." हे वाक्य मी मुद्दाम लिहितेय कारण आमच्या घरात सगळ्यांचा हाच समज होता आणि बहुतेक घरांत हाच असतो. एमसीबी म्हणजे करंट फार वाढला की आपोआप पडून लाइन तोडणारा स्विच. फॉल्ट असेल तर एमसीबी पडेल, पडला नाही म्हणजे ठीक आहे. पण तेच सॉकेट त्याआधी दोनदा बदललं होतं. दोन्ही वेळेला वायरमन म्हणाला की सॉकेटची क्वालिटी खराब आहे. आणि त्याच वायरमनने मधे एकदा, त्या लाइनचा एमसीबी सारखा पडतो म्हणून १६ अँपिअरचा काढून ३२ चा बसवला होता, "आता त्रास नाही होणार" म्हणून. त्रास खरंच झाला नाही. आम्ही खूश होतो. आज विचार केला की पोटात गोळा येतो.

मग तिघांना फोन केले. एक म्हणाले दहा मिनिटांचं काम आहे, येऊन बघून जातो. दुसऱ्यांनी वायरिंगबद्दल काही विचारायच्या आधीच पूर्ण पॅनल नवीन बसवा असं सुरू केलं. तिसऱ्यांनी फोनवरच प्रश्न विचारले, कुठला एमसीबी कधी पडायचा, कुठल्या बोर्डातून चरचर आवाज येतो का, फ्रिज किंवा मिक्सर सुरू झाला की दिवे लुकलुकतात का, कधी असं झालंय का की काही दिवे एकदम प्रखर झाले आणि त्याच वेळी काही मंद? हा शेवटचा प्रश्न का विचारला ते मी नंतर विचारून घेतलं. थ्री फेज कनेक्शन असलेल्या घरात मेन न्यूट्रल सैल झाला तर काही पॉइंटवर २३० व्होल्टच्या ऐवजी ४०० च्या जवळपास व्होल्टेज जाऊ शकतं, टीव्ही, चार्जर, फ्रिज सगळं उडू शकतं आणि आगही लागू शकते. असं दिसलं तर थांबायचंच नाही, थेट मेन बंद करायचा आणि मग फोन करायचा. आमच्याकडे तसं काही नव्हतं, पण असे प्रश्न विचारणारा माणूस घर बघायला येतोय म्हटल्यावर मला बरं वाटलं आणि त्यांनाच बोलावलं.

दोघं जण आले. एक अनुभवी दादा आणि त्यांच्याबरोबर मीटर हाताळणारी एक ताई. आल्या आल्या त्यांनी मेन बंद केला नाही, उलट म्हणाले गिझर लावा, वॉशिंग मशीन लावा, इस्त्री लावा, रोज सकाळी जे जे चालतं ते सगळं चालू करा आणि अर्धा तास चालू द्या. बाबांना हे पटेना, तपासणीला आलेत आणि सगळं चालू करायला सांगतात. पण हाच सगळ्यात महत्त्वाचा भाग निघाला. कनेक्शन सैल आहे की नाही हे त्यातून करंट वाहत असतानाच तापून कळतं, सगळं बंद करून नुसतं डोळ्यांनी बघितलं तर ते ठीकठाकच दिसतं. फोनवर दहा मिनिटं म्हणणाऱ्यांनी हे कसं केलं असतं देव जाणे.

अर्ध्या तासाने डीबीचं, म्हणजे सगळे एमसीबी असतात त्या डब्याचं, कव्हर उघडलं. हे चालू लाइनवर उघडायचं काम आहे, हातमोजे, चष्मा घालून त्यांनीच केलं आणि आम्हाला लांब उभं केलं, घरच्यांनी कोणी हे करायचं नाही. मग थर्मल कॅमेरा. स्क्रीनवर सगळ्या एमसीबींचे स्क्रू जवळपास सारखे, ३४-३५ डिग्री, आणि गिझरच्या लाइनचा एक स्क्रू ६८. गिझरच्या सॉकेटची प्लेट काढून आत बघितलं तर ९१. साध्या पीव्हीसी वायरचं इन्सुलेशन कायम ७० डिग्रीपर्यंत चालेल असं बनवलेलं असतं. आमची वायर रोज सकाळी त्याच्या वर जात होती आणि तासाभराने थंड होत होती. ताईने एक छान गोष्ट दाखवली, चकचकीत तांब्याच्या पट्टीवर कॅमेरा चुकीचं तापमान दाखवतो, चमकदार धातू आपली उष्णता नीट दाखवत नाही आणि आजूबाजूचं परावर्तन मधे येतं, म्हणून तिने पट्टीवर आधीच काळ्या टेपचा छोटा तुकडा लावून ठेवला होता आणि त्या टेपवरचं रीडिंग घेतलं. कॅमेरा भिंतीच्या किंवा प्लेटच्या आरपार बघत नाही हेही तिने सांगितलं. त्यामुळे कोणी नुसता कॅमेरा बंद बोर्डांवरून फिरवून "सगळं ओके" म्हणत असेल तर त्याचा फारसा उपयोग नाही, प्लेट उघडायला लागतेच.

आता एमसीबी का पडला नाही. मला वाटतं हे प्रत्येक घरात माहिती हवं म्हणून जरा सविस्तर लिहिते. आमचा गिझर २००० वॅटचा, २३० व्होल्टला करंट होतो साधारण ८.७ अँपिअर. सॉकेटमधल्या स्क्रूखाली वायर सैल होती, तिथे समजा अर्धा ओहम रेझिस्टन्स तयार झाला, तर त्या एका टिंबाएवढ्या जागेत ८.७ गुणिले ८.७ गुणिले ०.५, म्हणजे जवळजवळ ३८ वॅट उष्णता तयार होते. साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं आणि ते शिसं-कथील वितळवतं. इथे त्याच्या दीडपट उष्णता, बंद डब्यात, भिंतीत, प्लास्टिकला चिकटून. आणि एमसीबीला यातलं काय कळतं? त्याला फक्त ८.७ अँपिअर दिसतात, ते १६ पेक्षा कमीच आहेत, तो कशाला पडेल. आरसीसीबीला, म्हणजे करंटची गळती झाली की लाइन तोडणाऱ्या स्विचला, काय कळतं? फेजमधून जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला, गळती नाही, तोही पडणार नाही. म्हणजे १६ चा एमसीबी असता तरीसुद्धा या फॉल्टला तो पडला नसता! मला इथे खरंच धक्का बसला. आम्ही ज्याच्या भरवशावर झोपत होतो त्याचं हे कामच नाहीये.

आणि हे आपोआप वाढत जातं. तापलं की धातू प्रसरण पावतो, थंड झालं की आकसतो, असं रोज होऊन स्क्रू अजून सैल, तांब्यावर काळा थर, त्यामुळे रेझिस्टन्स अजून जास्त, उष्णता अजून जास्त. दादांनी वायरचं टोक हातात दिलं, काळं ठिक्कर आणि इतकं ठिसूळ की वाकवलं तर तारा तुटल्या. "सॉकेट नवीन लावलं पण वायरचं टोक जुनंच ठेवलं, मग नवीन सॉकेट पण जळणारच," ते म्हणाले. दोनदा सॉकेट बदलूनही काही फरक पडला नाही त्याचं कारण हे. क्वालिटी वगैरे काही नव्हतं. त्यांनी टोक मागे मागे कापत नेलं, आत लालसर चमकदार तांबं लागेपर्यंत, जवळपास एक वीत वायर गेली, मग टोकाला योग्य मापाचा लग, म्हणजे धातूची टोपी, दाबून बसवून नवीन सॉकेटमध्ये घेतलं. घट्ट करायला टॉर्क स्क्रूड्रायव्हर वापरला, तो ठरलेल्या मापाला कटकन आवाज करतो. हाताच्या अंदाजाने जास्त आवळलं तर स्क्रूचे आटे जातात किंवा तारा कापल्या जातात, कमी आवळलं तर परत तेच. टोकांना शिसं लावून स्क्रूखाली घ्यायची पद्धत मी पूर्वी बघितली होती आणि मला ती चांगली वाटायची, पण शिसं मऊ असतं, दाबाखाली हळूहळू पसरतं आणि कनेक्शन सैल होतं.

३२ च्या एमसीबीचं प्रकरण वेगळं. त्या लाइनला २.५ स्क्वेअर एमएमची वायर आहे, पाइपातून इतर वायरींबरोबर गेलेली असताना ती २० अँपिअरच्या आसपासच झेपवते. लाइनवर गिझर, वॉशिंग मशीनचा हीटर तोही २००० वॅटचा, आणि इस्त्री १००० वॅट. तिन्ही एकदम लागले की ५००० वॅट, जवळपास २१.७ अँपिअर. १६ चा एमसीबी म्हणूनच अधूनमधून पडायचा, तो आपलं काम करत होता. एमसीबीबद्दल मला माहीत नव्हतं ते असं की १६ लिहिलंय म्हणजे १७ ला लगेच पडतो असं नाही. घरगुती एमसीबीचं जे स्टँडर्ड आहे त्याप्रमाणे रेटिंगच्या १.१३ पट करंटला तो तासभर पडायचाच नाही आणि १.४५ पटीला तासाभरात पडलाच पाहिजे, मधल्या भागात कधी पडेल कधी नाही, आजूबाजूला किती गरम आहे त्यावरही ठरतं. आता हाच हिशोब ३२ ला लावा. ३६ अँपिअर तासभर बिनबोभाट जाऊ देणार आणि ४६ ला सुद्धा तासाच्या आत कधीतरी पडणार. २० झेपवणाऱ्या वायरमधून! एमसीबी हा वायरच्या मापाने लावायचा असतो, आपल्या सोयीच्या मापाने नाही. सारखा पडतो म्हणून मोठा एमसीबी लावायचा म्हणजे ताप दाखवतो म्हणून थर्मामीटर फोडायचा. त्या वायरमनने हे वाईट हेतूने केलं असं मला वाटत नाही, पण त्याने एकदा तरी विचारायला हवं होतं की हा का पडतोय. आणि आम्हीही विचारायला हवं होतं.

यावर त्यांनी १६ चा एमसीबी परत लावला आणि वॉशिंग मशीनला डीबीपासून स्वतंत्र लाइन ओढली. नवीन लाइनला त्यांनी कमी धूर करणारी वायर वापरली, साधं पीव्हीसी जळलं की दाट काळा धूर आणि हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो जो घशाला आणि डोळ्यांना झोंबतो, धुरात दार शोधणं अवघड होतं. सगळं घर बदलायची गरज नाही असं त्यांनीच स्पष्ट सांगितलं, नवीन लाइन टाकतोय तर चांगली टाकू, बस. त्यांना हवं असतं तर इथे आम्हाला घाबरवून सगळी वायरिंग नवीन करायला लावता आली असती. तसं केलं नाही, याचे पूर्ण मार्क.

दुपारी मेन बंद करून दुसरा भाग. बंद केल्यावर लगेच हात घातला नाही हे मला आवडलं. आधी टेस्टर चालू पॉइंटवर लावून तो चालतोय याची खात्री, मग बंद लाइनवर तपासणी, मग परत चालू पॉइंटवर. मधेच टेस्टर बिघडला असेल तर? तेवढ्यासाठी. मग मेगर लावला. मेगर म्हणजे वायरच्या इन्सुलेशनमधून किती गळती होते ते ५०० व्होल्ट डीसी देऊन बघायचं मशीन. त्याआधी घरातले सगळे प्लग काढायला लावले, राउटर, चार्जर, एलईडीचे ड्रायव्हर सगळं सोडवलं, नाहीतर ते खराब होऊ शकतात आणि रीडिंगही चुकीचं येतं. कमीत कमी १ मेगाओहम यायला हवं. आमच्या बाकी सगळ्या लाइनी २०० च्या वर आल्या, बाल्कनीच्या दिव्याची आली ०.३. डबा उघडला तर आत पाणी साचलेलं आणि तांब्यावर हिरवा थर. तो दिवा व्यवस्थित लागत होता बरं का, काही तक्रार नव्हती.

इथे मी म्हटलं पण आपल्याकडे आरसीसीबी आहे ना, गळती असेल तर तो पडायला नको का? दादा म्हणाले एवढ्याशा गळतीला तो पडणारच नाही, पण तो चालतोय का ते बघू, आणि मला डीबीजवळ नेऊन म्हणाले टेस्ट बटण दाबा. दाबलं. काही झालं नाही. परत दाबलं. काही नाही. बसवल्यापासून ते बटण आम्ही कोणी एकदाही दाबलं नव्हतं, आतली यंत्रणा वर्षानुवर्षं न हलून चिकटली होती. म्हणजे डीबीत ३० एमए (मिलिअँपिअर) लिहिलेला आरसीसीबी नुसता शोभेला होता, आणि आम्ही पाहुण्यांना सांगायचो की आमच्याकडे शॉक लागत नाही. नवीन बसवल्यावर ताईने टेस्टर लावून वेळ मोजली, ३० एमएला ३०० मिलिसेकंदाच्या आत पडायला पाहिजे, तो ३० च्या आसपास मिलिसेकंदात पडला. आगीच्या दृष्टीने याचा उपयोग असा की ओल, धूळ यांच्यामुळे इन्सुलेशनवरून जी गळती सुरू होते ती वाढत गेली की तिथे कोळशासारखी वाट तयार होते आणि पेट घेते. ३०० एमए गळती म्हणजे २३० व्होल्टला ६९ वॅट, पेटवायला पुरेशी उष्णता, म्हणून खास आगीसाठी लावतात तो आरसीसीबी जास्तीत जास्त ३०० एमएचा असतो. ३० चा त्याच्या खूप आधी पडतो. पण सैल कनेक्शनला दोन्ही पडत नाहीत, हे मी परत परत लिहितेय कारण मी स्वतः इतकी वर्षं उलटं समजत होते. आणि टेस्ट बटणाने फक्त यंत्रणा हलते की नाही एवढंच कळतं, घराचं अर्थिंग ठीक आहे असं त्यातून सिद्ध होत नाही.

अर्थिंगमध्ये जे सापडलं त्याने आई घाबरली. दोन सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकात वायरच नव्हती. हिरवी वायर डब्यात मागे गुंडाळून ठेवलेली. आणि एका सॉकेटमध्ये, तिथे मिक्सर लागतो, अर्थ आणि न्यूट्रल यांच्यात छोटा तुकडा टाकून जोडलेले. असं केलं की टेस्ट लॅम्पने तपासलं तर अर्थिंग असल्यासारखं दिसतं. पण न्यूट्रल मागे कुठे तुटला तर मशीनच्या पत्र्याच्या बॉडीवर थेट फेज येतो. हे कोणी आणि कधी केलं ते आता कळायला मार्ग नाही. तिन्ही नीट केले.

आता कापलेल्या स्टारबद्दल. एक तर पूर्ण दिवस लागला आणि त्यातले पाच तास लाइट नव्हते, हे आधी सांगितलंच नाही, घरात कोणी आजारी असेल, ऑक्सिजन मशीन वगैरे असेल तर काय? दुसरं, एक्स्टेंशन बोर्ड त्यांनी मी म्हटल्याशिवाय बघितलेच नाहीत, ते म्हणे वायरिंगमध्ये येत नाहीत. अहो पण आग लागायला त्याला काय माहीत वायरिंगमध्ये काय येतं! मी आग्रह केल्यावर बघितले आणि बाबांच्या खोलीत एका एक्स्टेंशनला दुसरं एक्स्टेंशन, त्याला रूम हीटर, आणि वायर सतरंजीखालून. वायर सतरंजीखाली असली की उष्णता बाहेर पडत नाही आणि पायाखाली दबून तारा आत तुटतात, वरून काही दिसत नाही. रीळवाली एक्स्टेंशन असेल तर ती पूर्ण उलगडूनच मोठ्या लोडला वापरायची, गुंडाळलेली असताना आतल्या आत तापते. हीटर आता थेट भिंतीतल्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर आहे.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, फॉल्स सीलिंगच्या वरचे जॉइंट त्यांनी उघडले नाहीत. रिपोर्टमध्ये "सीलिंग तपासलेलं नाही" असं प्रामाणिकपणे लिहिलंय हे ठीक, पण अर्ध्या घराचे जॉइंट तिथेच आहेत, आणि ते नुसते पिळून टेप मारलेले असण्याची शक्यता तेच बोलून दाखवत होते. मग पुढची तारीख त्याच दिवशी द्यायला हवी होती. रिपोर्टमध्ये फोटो आणि प्रत्येक रीडिंग आहे, तापमानासकट, हे उत्तम, फक्त भाषा अशी की मला ताईला अर्धा तास बसवून समजून घ्यावं लागलं. तिने न कंटाळता सांगितलं. डीबीवर कुठला एमसीबी कशाचा याची लेबलं मात्र लावली नाहीत, ती मी नंतर एकेक पाडून, घरभर फिरून, कागद चिकटवून लावली. रात्री अंधारात, धूर असताना कोण शोधत बसणार.

स्मोक अलार्मबद्दल त्यांनी स्वतःहून काही सांगितलं नाही. विचारल्यावर दादा म्हणाले ते आमचं काम नाही पण लावा, आजच लावा. आगीच्या धुराच्या वासाने माणूस झोपेतून जागा होईल यावर भरवसा ठेवता येत नाही, आवाजाने होतो. झोपायच्या खोल्यांबाहेरच्या पॅसेजमध्ये एक आणि दोन्ही बेडरूममध्ये एकेक लावलाय. स्वयंपाकघरात आणि बाथरूमच्या दारालगत नको, वाफेने सारखा वाजतो आणि मग वैतागून लोक बॅटरीच काढून ठेवतात. दहा वर्षं झाली की अलार्म पूर्ण बदलायचा असतो, नुसती बॅटरी बदलून चालत नाही, म्हणून बसवल्याचं वर्ष मी मागे मार्करने लिहून ठेवलंय. मी त्याच रात्री एक वाजवून बघितला, दार बंद करून झोपलेल्या बाबांना ऐकू आला की नाही ते विचारलं. आला.

आर्क पकडणारं डिव्हाइस लावावं का हेही विचारलं. ते तुटक्या वायरमधली, सैल जॉइंटमधली ठिणगी करंटच्या लहरीच्या बदललेल्या आकारावरून ओळखून लाइन तोडतं, म्हणजे एमसीबी आणि आरसीसीबी जिथे आंधळे आहेत तिथे काही प्रमाणात डोळे. त्यांचं मत असं पडलं की झोपायच्या खोल्यांच्या लाइनला लावलं तर चांगलंच, पण ठिणगी न पडता नुसताच तापणारा जॉइंट त्याला कळेलच असं नाही, त्यामुळे आधी जॉइंट नीट करा. मला हे उत्तर पटलं. विकायची संधी असताना असं सांगणारा माणूस विरळा.

आग लागलीच तर काय हे आईने विचारलं, आणि दादांनी तिला हाताला धरून मेन स्विचपर्यंत नेलं, तिच्याकडून तीन वेळा बंद-चालू करून घेतलं. चालू लाइनच्या आगीवर पाणी टाकायचं नाही. मेनपर्यंत सुरक्षित पोचता आलं तर आधी मेन पाडायचा, बोर्डच पेटला असेल आणि मेन त्याच्या शेजारी असेल तर तिकडे जायचंच नाही, सगळ्यांना घेऊन बाहेर पडायचं, मागे दार ओढून घ्यायचं आणि बाहेरून फायर ब्रिगेडला फोन करायचा. कार्बन डायऑक्साइडचं छोटं सिलिंडर आम्ही आता बाहेरच्या दाराजवळ ठेवलंय, बोर्डाजवळ नाही, कारण पेटलेल्या बोर्डापाशी जाऊन सिलिंडर काढणं म्हणजे उलटंच झालं. ते अगदी छोट्या, नुकत्या लागलेल्या आगीसाठीच, पाठीमागे बाहेर पडायला वाट मोकळी असेल तरच.

तुम्ही अशी सर्व्हिस घेणार असाल तर बोलावण्याआधी एवढं विचारा: लोड चालू ठेवून बोर्ड उघडून बघणार का, मेगरचं आणि अर्थिंगचं प्रत्येक लाइनचं रीडिंग लिहून देणार का, सीलिंग उघडणार का, आणि किती तास लाइट जाणार. समोरचा माणूस पहिल्या प्रश्नालाच "त्याची काय गरज" म्हणाला तर दुसरा बघा. तपासणी झाल्यानंतरसुद्धा अधूनमधून गिझर, हीटर, इस्त्री यांचा प्लग वापरून झाला की हात लावून बघत जा. कोमट ठीक, हात ठेवता येत नसेल तर वापर बंद.

तीन महिन्यांनी मी ताईला परत बोलावलं, फक्त गिझरच्या सॉकेटसाठी. अर्धा तास गिझर चालवून प्लेट काढली, ३८ डिग्री. वास कधीच गेला. आरसीसीबीचं टेस्ट बटण दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बाबा दाबतात, आधी सगळ्यांना ओरडून सांगतात की कॉम्प्युटर बंद करा. आणि सीलिंगचं काम पुढच्या आठवड्यात ठरलंय, तिथे काय निघतं ते याच रिव्ह्यूखाली लिहीन आणि त्यावरून स्टार वाढवायचा की नाही ते ठरवेन.